पाठीवरचे बिऱ्हाड

मराठीच्या प्राध्यापकाचा आणि तंबूचा संबंध तो कितीसा असणार? ‘तंबू’ हा शब्द फारसीतून आला आणि ‘ताडपत्री’ म्हणजे ‘टार्पोलिन’ या इंग्रजी शब्दाला आपल्या लोकांनी नेसवलेले मराठी लुगडे, ताडाच्या पानाशी तिचे काही नाते नाही, एवढे वर्गात सांगून मी आजवर विद्यार्थ्यांच्या टाळ्या मिळवीत आलो. या वस्तूंच्या खाली रात्र कशी काढायची, हे मला कोणा विद्यार्थ्याने विचारले नाही. विचारले ते आमच्या घरातून.

घडले ते असे. एका पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यातल्या आमच्या सोसायटीने पत्रक काढले की, पूर, भूकंप, आग अशा प्रसंगासाठी प्रत्येक कुटुंबाने एक पिशवी भरून दाराशी तयार ठेवावी. रविवारी सकाळी आम्ही चौघे त्या उद्योगाला लागलो. चिरंजीवांनी विजेरी आणि तिचे सेल आणले. कन्येने बिस्किटांचे पुडे आणून त्यातला एक तिथेच फोडला. मी घराची कागदपत्रे मेणकापडात बांधली. औषधे, पाण्याच्या बाटल्या, काडेपेटी, शिटी असे सर्व भरून झाले. पिशवीचा बंद ओढून मी विजयी मुद्रेने वर पाहिले, तो सौभाग्यवती म्हणाली, “सगळं घेतलंत. पण रात्री निजायचं कुठं?”

“संकटात कोण निजतो?” मी म्हणालो.

“हे तुम्ही म्हणता? करकंबला किती रात्री बाहेर निजला होतात, ते विसरलात वाटतं!”

मी विसरलो नव्हतो. विसरण्याजोग्या त्या रात्रीच नव्हत्या.

पहाटे चार वाजता

करकंब हे माझे गाव. पंढरपूर तालुक्यात, पंढरपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर. आमचे जुने घर माळवदाचे होते. दगडमातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, सागवानी तुळया आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर सोलापूरचे ऊन ओकत असताना आत माठातल्यासारखा गारवा असे. या घराचा आम्हाला अभिमान होता.

१९९३ साली मी तेरा वर्षांचा होतो. सप्टेंबर संपत आला होता. आदल्या दिवशी गणपती बोळवून गाव उशिरा निजले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार-पाच मिनिटे असताना किल्लारीचा तो भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांतली बहुतेक स्वतःच्या घराखाली गेली. आमच्यासारख्याच घराखाली, माळवदाच्या मातीच्या ओझ्याने. करकंब तिथून पश्चिमेला पुष्कळ दूर. आमच्या घरी मांडणीतली भांडी कोसळली आणि माजघराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक चीर गेली, इतकेच. पण उजाडल्यावर रेडिओने बातमी सांगितली आणि मग घरात पाऊल टाकायला कोणी तयार होईना. ज्या छपराने तीन पिढ्यांना सावली दिली, त्याच्याकडे माणसे वैऱ्याकडे पाहावे तशी पाहू लागली.

त्या रात्रीपासून आम्ही घरामागच्या खळ्यात निजू लागलो. दोन रात्री बऱ्या गेल्या. आम्हा मुलांना तर ती सहलच वाटली. तिसऱ्या रात्री पाऊस आला. आजोबांनी आणि वडिलांनी बैलगाडीवरची ताडपत्री आणून दोन बाजूंनी बांधली आणि आम्ही दहा-अकरा माणसे तिच्याखाली गोळा झालो. आजी अगदी कडेला होती. तिने आपली घोंगडी माझ्या धाकट्या बहिणीला दिली आणि स्वतः वाकळ अंथरून पडली. पाऊस ताडपत्रीवरून ओघळत होता. आमच्या अंगावर थेंब नव्हता. पण जमिनीवरून आलेले पाणी वाकळेने टिपकागदासारखे टिपले. पहाटे आजी थडथडत होती आणि काही विचारले तर जीभ जड झाल्यासारखे, असंबद्ध बोलत होती. सर्वांना वाटले, म्हातारीने भूकंपाची धास्ती घेतली.

तिला चुलीपाशी नेले, कोरडे लुगडे नेसवले, गुळाचा चहा पाजला. तासाभरात ती ताळ्यावर आली. पण त्या पहाटेपासून लागलेला खोकला गेला नाही आणि संक्रांतीच्या आत आजी गेली. त्या एका रात्रीनेच ती गेली असे मी म्हणणार नाही. तिचे वयही झाले होते. तरीपण मोठा झाल्यावर मला सारखे वाटत राहिले की, आम्ही सर्वांनी मिळून डोक्यावरचे छप्पर सांभाळले आणि जमिनीकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला, तोही पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी, भर थंडीत. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ रोजी दरड कोसळली, तीही रात्री. संकट माणसाला बहुधा निजलेला गाठते आणि निजायच्या कपड्यांत बाहेर काढते. तेव्हा निवारा निवडताना पहिला प्रश्न त्याच्या किमतीचा नाही. काळोखात, हात थरथरत असताना, घरातल्या कोणालाही तो उभा करता येईल काय, हा पहिला प्रश्न.

तवा, फुंकर आणि माठ

बाजारात जाण्यापूर्वी मी आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या एका मित्राकडे गेलो. त्याने दहा मिनिटांत जे सांगितले, ते मी आमच्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगतो.

अंगाची ऊब चार वाटांनी जाते. गार फरशीवर गरम तवा ठेवला की फरशी त्याची धग ओढून घेते. ही पहिली वाट. चहाच्या बशीवर फुंकर मारली की चहा निवतो; ही वाऱ्याची वाट. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होते. म्हणजे ओल्या कपड्यातला माणूस हा चालताबोलता माठच. आणि शेगडीला हात न लावताही तिची धग लांबून लागते, तशी आपल्या अंगातली धगही लांबवर जात असते. ही चौथी वाट.

निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ३५ च्या खाली घसरले की धोका सुरू होतो. प्रथम थडथडी भरते, मग बोटे ऐकेनाशी होतात, मग जीभ अडखळते आणि विचार भरकटतो. पुढे थडथडी आपोआप थांबते. पाहणाऱ्याला वाटते, बरे झाले, उतार पडला. वास्तविक ते दुखणे वाढल्याचे लक्षण असते. याला हिमालयच लागतो असे नाही. म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल भिजलेले असले आणि वारा सुटला असला, तर वीस अंशांची हवाही पुरते.

मित्र हे सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे खळ्यातली ती पहाट उभी होती. धास्ती नव्हती ती. गारठा होता.

दुकानातला संसार

मग एका शनिवारी आम्ही गिर्यारोहणाचे सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने आम्हाला पाहून प्रथम विचारले, “काका, हिमालयात चाललात का?” मी म्हणालो, “नाही, घराबाहेर.” बिचारा गोंधळला, पण त्याने मोठ्या अगत्याने सर्व दाखविले.

पहिला अर्थातच तंबू. दोन माणसांचा, काठ्यांसकट अडीच-तीन किलोंचा. दिसायला राजेशाही. पण आम्ही चार माणसे, म्हणजे तंबू दोन. आणि त्यांच्या काठ्या, खुंट्या, आतला पडदा, बाहेरचा पडदा यांचे व्याकरण पाहून मला पाणिनी सोपा वाटू लागला. शिवाय खुंट्यांवर ताणून उभा राहणारा तंबू जमिनीवर ठीक. गच्चीच्या स्लॅबमध्ये खुंटी कशी ठोकणार? २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला, तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या माढा, मोहोळ, करमाळा या भागांतल्या गावांत पाणी शिरले आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. अशा वेळी हाती येते ती शाळेची गच्ची नाहीतर पुलाचा भराव. तंबू हौसेच्या प्रवासाला उत्तम. अडीअडचणीच्या पिशवीत त्याला मी जागा दिली नाही.

दुसरी वस्तू मुलांना फार आवडली. घडी घातली की तळहाताएवढी, उलगडली की माणसाच्या उंचीहून मोठी, अशी चंदेरी चादर. वजन पन्नास-साठ ग्रॅम. अतिशय पातळ प्लॅस्टिकवर ॲल्युमिनियमचा मुलामा चढविलेला हा कागद अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या अंतराळ-उद्योगातून १९६४ च्या सुमारास पुढे आला. तो अंगाची धग अंगाकडे परत फेकतो आणि वारा अडवितो, हे खरे. पण तो अंथरून निजलात तर जमीन आपली वाट सोडत नाही, कारण गार फरशी आणि पाठ यांच्यामध्ये त्याची जाडी नसल्यातच जमा. आणि एकदा खिळ्याला लागला की टरकत जातो.

तिसरी वस्तू पाहिली आणि माझ्यातला भाषाशिक्षक जागा झाला. त्याच चंदेरी कागदाची, जरा जाड, एका बाजूने बंद अशी लांब पिशवी. पायांकडून आत शिरायचे आणि गळ्यापर्यंत ओढून घ्यायची. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. तिचे इंग्रजी नाव तो तरुण सांगू लागला, तर मी म्हणालो, “अहो, ही तर गवसणी!” तंबोऱ्याला घालतात ती. आभाळाला गवसणी घालण्याच्या गोष्टी आपण फार करतो. माणसाला घालायची गवसणी मी प्रथमच पाहत होतो. अंग ओले असो, वारा असो, शिरले की झाले. ना काठी, ना दोरी. घाबरलेल्या माणसालाही जमेल असा निवारा हाच.

चौथी आपली ताडपत्री. आता ती कापडाची क्वचितच मिळते. विणलेल्या प्लॅस्टिकची मिळते, आणि तीवर ‘जीएसएम’ नावाचा एक आकडा असतो. याचा अर्थ एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, एवढाच. तेव्हा दुकानातच वजनाचा हिशेब करता येतो. आठ फूट बाय दहा फूट म्हणजे सुमारे साडेसात चौरस मीटर. १२० जीएसएमची घेतली तर वजन ९०० ग्रॅमच्या आत-बाहेर. २०० ची घेतली तर दीड किलो. कडेला धातूच्या कड्या असलेली, १२० ची आम्ही घेतली. दोन-चार रात्रींना ती पुरते.

गच्चीवरची फजिती

घरी आल्यावर मुलांनी हट्ट धरला की, आजच निजून पाहू. जुलै महिना, बुरबुर पाऊस. आम्ही सोसायटीच्या गच्चीवर गेलो. ताडपत्रीचे एक टोक पाण्याच्या टाकीच्या नळाला बांधले, दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेले डबे टेकवले. रात्री वारा फिरला. मी बांधलेले छप्पर शिडासारखे फुगले आणि एक डबा माझ्या पायाशी येऊन रिकामा झाला. दोरी सोडून पुन्हा बांधावी, तर मी मारलेली गाठ सुटेना. निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक मी मुलांना वाक्प्रचारांच्या तासाला शिकवितो. हातांना तो कोणी शिकवला नव्हता.

चंदेरी गवसणीत मी डोक्यापर्यंत शिरलो होतो. कूस बदलली की असा कडकडाट होई की, दोन मजले खालच्या शेजाऱ्यांनी वर येऊन चौकशी केली. पहाटे पाहतो तो गवसणी आतून ओलीचिंब. पाऊस आत गेला नव्हता. माझाच श्वास आणि घाम बाहेर पडायला वाट न मिळाल्याने तिथे जमला होता. आणि पाठ? गच्चीच्या सिमेंटने रात्रभर माझ्या पाठीची ऊब वसूल केली होती.

एवंच, हजारो रुपये खर्चूनही आम्ही पुन्हा १९९३ च्या खळ्यातच होतो. फरक इतकाच की सकाळी आम्हाला खाली जाऊन गरम पाण्याने आंघोळ करता आली.

करकंबचे तीन गुरू

तेव्हा मी ठरविले की, ज्यांना रोज उघड्यावर निजावे लागते त्यांना विचारावे. त्यासाठी लांब जाण्याचे कारण नव्हते. करकंबला असे लोक वर्षाच्या ठरावीक वेळी आपल्या पायांनी येतात.

त्र्यंबकेश्वराहून ज्येष्ठात निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी अहमदनगर (आता अहिल्यानगर), करमाळा या वाटेने चारशेहून अधिक किलोमीटर चालत येते आणि पंढरपूर गाठण्यापूर्वी करकंबला मुक्काम करते. दिंड्यांबरोबर ट्रकातून राहुट्या असतात. पण राहुटीत सर्वांना जागा होत नाही, आणि कित्येकांना ती नकोही असते. देवळाच्या ओवऱ्या, शाळेचे व्हरांडे भरले की माणसे मिळेल तिथे पथारी टाकतात. सिन्नरकडच्या एक आजीबाई शाळेच्या भिंतीपासून चांगल्या लांब, उघड्यावर आपले अंथरूण मांडत होत्या. आधी त्यांनी खताची धुतलेली पोती उसवून शिवलेला जाड तरट पसरला. त्यावर एक कागद. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याला कागदच म्हणतात. त्यावर चवाळे आणि सर्वांत वर पांघरायला दुसरा कागद, जो दिवसा पावसात डोक्यावरून इरल्यासारखा घ्यायचा.

मी विचारले, “खाली एवढे थर, आणि वर एकच?”

त्या हसल्या. “माऊली, वरचं पाणी दिसतं. भुईचं दिसत न्हाई. म्हनून आधी भुईचा बंदोबस्त.”

भौतिकशास्त्राच्या मित्राचा तवा हाच, पण किती थोडक्यात सांगितला!

दुसरे गुरू दिवाळीनंतर येतात. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडची ऊसतोड मंडळी आमच्या भागात उतरतात आणि मोकळ्या रानात कोप्या घालतात. बांबू वाकवून अर्धगोल सांगाडा, त्यावर तट्टे आणि कागद, आत उसाचे कोरडे पाचट. नवराबायको मिळून तासा-दोन तासांत घर उभे करतात. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, पीटर निसन या सैनिकी इंजिनियराने पत्र्याची अर्धगोल झोपडी काढली आणि ती जगभर गेली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर पुण्यातल्या पूरग्रस्तांसाठीही तसल्या झोपड्या उभारण्यात आल्या. आकार तोच, आणि वारा गोल पाठीवरून निसटून जातो. मी एका कोपीशी वाकून उभा होतो. तिथल्या गड्याला म्हणालो, “जरा उंच केली असती तर?” तो म्हणाला, “सर, उंच केली की वारं धरती. आन् थंडीबी.” त्याने कोपीभोवती कुदळीने वीतभर चर खणला होता, उताराकडे तोंड केलेला. दार होते ते वाऱ्याच्या पाठीकडे. आमच्या गच्चीवर मी नेमके वाऱ्याकडे तोंड करून निजलो होतो!

तिसरा गुरू म्हणजे मेंढरे घेऊन फिरणारा धनगर. त्याची घोंगडी मी गावातल्या वाण्याकडे वजन केली. भरली पावणेतीन किलो. पाठीवरच्या पिशवीला हे ओझे फार. पण तिची करामत पाहा: लोकर पुष्कळ ओल पोटात घेते आणि तरी सुती वाकळेसारखी अंगाला चिकटून गार पडत नाही, ओल्या लोकरीतही थोडी ऊब राहतेच. घोंगडीच्या एका टोकाची खोळ करून डोक्यावर घेतली की तीच छत्री, तीच भिंत. त्याने मला सुरगाठही शिकविली. तीन वेळा चुकलो, चौथ्या वेळी जमली. गुरुदक्षिणा म्हणून त्याने तंबाखू मागितली. मी चहावर भागवले.

शेवटी पिशवीत काय राहिले

या तिघांच्या शिकवणीने आमची पिशवी पुन्हा भरली गेली. वाचकांपैकी कोणाला उपयोग व्हावा म्हणून तिचा जमाखर्च देतो.

सर्वांत आधी माणशी एक फोमची चटई, बंद बुडबुड्यांची, पाणी न पिणारी. गुंडाळी मोठी दिसते पण वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. ती नसेल तर गोणपाट, कोरडे पाचट, वर्तमानपत्रांचे जाड थर. अगदी जुने दिवाळी अंकसुद्धा पाठीखाली चालतील. दुसरी माणशी एक चंदेरी गवसणी. तोंड नेहमी बाहेर, आणि अधूनमधून उघडून आतली वाफ जाऊ द्यायची. तिसरी एक ताडपत्री, कुटुंबाला मिळून. वाऱ्याकडची बाजू जमिनीपर्यंत उतरती, उंची बसण्यापुरती. चौथी पंधरा मीटर नायलॉनची दोरी. पाचवे, प्रत्येकाचे कोरड्या कपड्यांचे एक जोड आणि लोकरीची टोपी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. निवारा कितीही चांगला असला तरी भिजल्या कपड्यांनी त्यात शिरणे म्हणजे माठ घेऊन निजणे. घोंगडी पिशवीत नाही. पण ती दाराच्या खुंटीवर आहे, गाडीने निघावे लागले तर.

कपडे सोडून पाच माणसांचे हे सारे पावणेचार किलोंच्या आत बसते. पाचवी माझी आई. ती करकंबला असते, पण केव्हा आमच्याकडे असेल याचा नेम नाही. हे ओझे दोन पिशव्यांत वाटून ठेवले आहे, म्हणजे एक हरवली तरी सगळेच गेले असे होणार नाही.

सामानाइतकीच जागाही महत्त्वाची. भिंतीचा आडोसा पाहिला की माणूस तिकडे धावतो; तो मोह आवरावा. १४ ऑक्टोबर २०२० च्या पावसात पंढरपूरला कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा माणसे दगावली. भूकंपानंतर तर भिंतीच्या उंचीहून अधिक अंतर सोडूनच पथारी टाकावी. एकटे झाड विजेसाठी वाईट, कोरडा ओढा पाण्यासाठी, आणि तारांखालची जागा कोणत्याही वेळी. कागदाने बंद केलेल्या जागेत शेगडी किंवा स्टोव्ह कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि निजलेला माणूस उठत नाही. तान्ह्या मुलाला प्लॅस्टिकच्या पिशवीत एकटे घालू नये; आईने आपल्या अंगाशी, कपड्यांच्या आत धरावे.

आणि हे सर्व विकत आणून माळ्यावर टाकू नये. घरातल्या प्रत्येकाने त्यात एक रात्र निजून पाहावे. आमची गच्चीवरची फजिती ही या खरेदीतली सर्वांत स्वस्त वस्तू ठरली.

एक चटई जास्त

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत करकंबला आम्ही दुसरी परीक्षा दिली. माळवद आता नाही. त्या जागी थोरल्या भावाचे सिमेंटचे घर आहे. पण मागचे खळे आहे, म्हणजे खळ्याची जागा आहे. मुलांनी तिथे किल्ला केला होता. त्याच्या शेजारी चिरंजीवांनी ताडपत्री बांधली, सुरगाठीने, वाऱ्याकडे पाठ करून, आणि मी घड्याळ लावले. अकरा मिनिटे, विजेरी न लावता. आम्ही चटया पसरल्या, गवसण्या काढल्या.

आई काठी टेकत पाहायला आली. पंचाहत्तरीची आहे, पण नजर पूर्वीचीच. खाली बसून तिने चटईवर हाताचा पंजा दाबून पाहिला, मग चटई उचलून खालची जमीन चाचपली.

मी म्हणालो, “आई, त्या रात्री आम्हाला एवढं कळलं असतं, तर आजी भिजली नसती. तिलाही ठाऊक नव्हतं की ओल खालून येते.”

आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “आत्याबाईंना ठाऊक नव्हतं? त्यांचा जन्म रानात गेला. निजताना त्यांच्या खाली गोणपाट होतं. सगळ्यांत मिळून एकच होतं ते. रात्री पाणी यायला लागलं तसं त्यांनी ते हळूच ओढून काढलं, आणि तू नि धाकटी होता तिथं तुमच्या पाठीखाली सरकवलं. मी जागी होते. मी म्हणाले, आत्याबाई, तुम्हाला? तर म्हणाल्या, असू दे गं, लेकरांच्या पाठीला गार लागतंय.”

एवढी वर्षे मी त्या रात्रीचा दोष आमच्या अज्ञानाला देत आलो होतो. अज्ञान नव्हते. गोणपाट एक होते आणि माणसे अकरा.

अंधारात कोणी काही बोलले नाही. कन्या आपल्या चटईवरून उठून आजीशेजारी जाऊन बसली. सौभाग्यवतीने विषय बदलावा म्हणून पिशवीतल्या चटया मोजल्या. “पाच आहेत. माणशी एक. आता कुणाला आपलं काढून द्यायला नको.”

आईने मान हलविली. काठी टेकून उठता उठता ती म्हणाली, “सहावी टाक. ऐन वेळेला कुणीतरी येतंच.”

पुण्याला परतल्यावर आम्ही सहावी चटई आणली. पिशवीचा बंद आता नीट बसत नाही, गुंडाळी बाहेर डोकावत असते. तिला आम्ही तसेच राहू दिले आहे.